नागीण, गेरू आणि पहिले तीन दिवस

फाल्गुनातली गोष्ट. वसमत तालुक्यात हळद शिजवण्याची घाई होती. माझ्या आत्याच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली, दोन दिवसांनी पाण्याचे फोड आले. मला कळलं ते फोड येऊन आठ दिवस झाल्यावर. "फोन कशाला करू रे? गेरू लावलाय की," आत्या म्हणाली. घरात धास्ती एकच: नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो!

असं काही होत नाही. तुम्हाला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील, तर त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपलेला असतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की तो त्याच तंतूवरून कातडीकडे येतो. तंतू शरीराच्या एकाच बाजूचा, म्हणून फोड सहसा मधोमध येऊन थांबतात.

यावर गोळी आहे अ‍ॅसायक्लोव्हिर. ती विषाणूला मारत नाही. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो; गोळी त्याला खोटी वीट पुरवते आणि बांधकाम तिथंच अडतं. गंमत म्हणजे ही वीट कामाला लावतं ते विषाणूचंच एन्झाइम, त्यामुळे निरोगी पेशी बहुतेक वाचतात. या कामात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

पण नकला काढून झाल्यावर गोळी काय अडवणार? म्हणून फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू व्हायला हवी. मोठ्यांना साधारणपणे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. नुसतं मलम पुरत नाही. मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. औषध लघवीवाटे बाहेर पडतं. पाणी कमी प्यायलात तर मूत्रपिंडात त्याचे खडे साचू शकतात. मूत्रपिंड आधीच अधू असेल आणि मात्रा कमी केली नाही, तर माणूस बरळूही लागतो. तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नका. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आत्याला नवे फोड येणं थांबलं होतं. मी ही गोळी दिलीच नाही, दुखण्याची दिली. फोड वाळले, पण पोळा झाला तरी पदर घासला की ती कळवळते. मागच्या महिन्यात शेजारणीच्या पाठीवर फोड दिसले, तेव्हा आत्यानंच फोन केला. दुसरा दिवस होता.