खेळाडू तिथेच, विद्यापीठ बदलले

२०२४ मध्ये प्रशांत महासागराजवळचे स्टॅनफर्ड विद्यापीठ ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या गटात दाखल झाले. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा नकाशा दूरचित्रवाणीच्या पैशाने बदलला आणि खेळाडूंचा प्रवास लांबला.

नंदुरबारचाही नकाशा बदलला, मात्र कायद्याने. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचे १२ जिल्हे त्याच्या कक्षेत होते. नंदुरबार त्यांतील पश्चिम खानदेशात होते. विद्यापीठाचा संघ त्याच्याच महाविद्यालयांतून निवडला जातो. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याशी शिकणाऱ्या खेळाडूची स्पर्धा थेट पुण्यातील महाविद्यालयांशी असे.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. खानदेशातील महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. खेळाडू होता तिथेच राहिला. पण संघातील जागेसाठी त्याची स्पर्धा आता खानदेशातच होऊ लागली आणि पुणे आंतरविद्यापीठ स्पर्धेतील प्रतिस्पर्धी ठरले.

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठ मात्र जळगावचेच राहिले. अंतर घटले, संपले नाही. धडगावच्या खेळाडूला विद्यापीठाच्या मैदानावर पोहोचायचे, तर आजही आधी सातपुडा उतरावा लागतो.