बाटलीतलं रोप

रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, रानातच जगावी, जगत नसेल तर जाऊ द्यावी, असं माझं मत होतं. काचेच्या बाटलीत वाढवलेलं रोप डोंगरात नेऊन लावायचं आणि त्याला संवर्धन म्हणायचं, हे मला नाटकी वाटे. इंग्लंडमधल्या लेडीज स्लिपर ऑर्किडची हकिकत नीट वाचली आणि तो ताठा टिकला नाही.

फुगीर पिवळी पिशवी, भोवती तपकिरी-जांभळ्या पाकळ्या. उत्तर इंग्लंडच्या चुनखडीच्या डोंगरांत फुलणारं हे देखणं फूल हौशी बागवाल्यांनी आणि नमुने जमवणाऱ्यांनी मुळासकट उपटून नेलं. 1917 मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं मानलं गेलं. 1930 मध्ये यॉर्कशरमध्ये एक झाड सापडलं. एकच. त्याची जागा कित्येक दशकं गुप्त ठेवली, बहराच्या दिवसांत पहारा बसवला. माझ्या हिशेबाने एवढं पुरे होतं. पुढचं निसर्ग बघेल.

पण पहाऱ्याने चोर अडतो, वंश वाढत नाही. या फुलात मध नसतो. लहान मधमाशी फसून पिशवीत पडते, मागच्या फटीतून निसटताना अंगाला पराग घेऊन जाते. पण आसपास दुसरं झाडच नसेल तर ती तो पराग नेणार कुठे? बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नाही. मातीत योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं लागतात.

1983 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात ऑर्किड संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. रानातल्या त्या झाडाचं आणि रानातूनच पूर्वी बागांत गेलेल्या झाडांचं हाताने परागीकरण केलं, शेंगा हिरव्या असतानाच बी काढून बाटल्यांत रुजवलं. 1989 पासून रोपं डोंगरात लावली. बरीच मेली, काही गोगलगायींनी फस्त केली. 2000 मध्ये त्यांतलं पहिलं रोप फुललं. त्याला नकली म्हणायची माझी छाती होत नाही. बाटली फक्त दाई होती. पुढे काही रोपं लोकांना पाहता येतील अशा जागी मुद्दाम लावली, हेही मला आता शहाणपणाचं वाटतं. अर्थात चुनखडीचं रान राहिलंच नाही, तर बाटल्या कितीही भरा, व्यर्थ.

तुम्हाला घरी ऑर्किड हवंच असेल, तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्या. जंगलातून ओरबाडून आणलेली ‘सीतेची वेणी’ ही आमरी कुणी विकत असेल, तर घेऊ नका. आणि सह्याद्रीत दुर्मीळ आमरी दिसली, तर फोटो खुशाल टाका, जागेचं नाव मात्र टाकू नका.