शक्तीचा डबा

आमच्या भिशीत हल्ली पैशांबरोबर डबेही फिरतात. प्रोटीनची पावडर, केसांच्या गोळ्या, सांध्यांसाठी म्हणून आणखी काहीतरी. आणणारी आपल्यातलीच असते, तिच्या घरचा चहा घेतलेला असतो, त्यामुळे "नको गं" म्हणायला जीभ रेटत नाही. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण इथे बाराशे रुपये मुकाट्याने काढून देतो!

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी असे दोन डबे संपवले. जिना चढला की धाप, दुपारी चारच्या सुमाराला डोळ्यांपुढे अंधारी. "वय झालं, चालायचंच," असं म्हणून त्या दुधातून दोन चमचे पावडर घ्यायच्या. शेवटी मी मागेच लागले आणि रक्त तपासून आणलं. हिमोग्लोबिन ८.४! बायकांना ते निदान १२ तरी हवं. मग मी तो डबा चष्मा लावून वाचला. (वर्गात मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगून सांगून लागलेली सवय.) एका मात्रेत लोह होतं ४ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बाईसाठी रोज २९ मिलिग्रॅम सांगितलंय. खाली बारीक अक्षरांत, कायद्याने छापावंच लागतं ते वाक्यही होतं: औषध म्हणून वापरण्यासाठी नाही.

डॉक्टरीणबाईंनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, पाळीत किती जातं? जाऊबाई गप्प. दोन वर्षं अंगावरून फार जात होतं आणि ते त्यांनी कुणालाच, अगदी मलाही, सांगितलेलं नव्हतं. दुखणं ते होतं. पावडर त्यावर पांघरूण घालत होती, एवढंच.

अशा काही त्या एकट्या नव्हेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं.

आता कुणी म्हणेल, गोळ्या कशाला, बिटाचा रस घ्यावा. रंग लाल म्हणून रक्त वाढत नसतं, बाई! १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम. अळिवाचे लाडू, पालेभाजी, वर लिंबू, हे सगळं रोजच्यासाठी उत्तम. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळही हवेतच. पण ८.४ वर आलेल्या बाईला लाडवांवर ठेवणं मला पटत नाही. तिथे गोळीच हवी, आणि साध्या लोहाच्या गोळ्यांची पट्टी त्या डब्याच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

गोळी घेतानाही आकडा नीट बघावा. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यातलं प्रत्यक्ष लोह साधारण ६५. कॅल्शियम कार्बोनेट १२५० असलं तर प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, एकमेकांच्या वाटेत येतात. शुद्ध शाकाहारी घरात, दूधदुभतंही बेताचंच असेल तर, बी-१२ तपासून घ्यावं. डी जीवनसत्त्वाची ती ६०,००० युनिटांची पुडी मात्र शेजारणीच्या सांगण्यावरून वर्षभर घेऊ नये. ते अंगात साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा करतं. आणि मुलांच्या 'हेल्थ ड्रिंक'चं म्हणाल, तर २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका म्हणून सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची वस्तूच नाही. त्या डब्यांवर साखर किती ते एकदा वाचा.

जाऊबाईंची पाळीसाठी तपासणी झाली, औषध सुरू झालं. लोहाच्या गोळ्या मात्र आठव्या दिवशीच बंद करायला निघाल्या. पोट साफ होईना, शौचाला काळं होतं म्हणून घाबरल्या. काळं होणारच, ते लोहाचं. डॉक्टरीणबाईंनी एक दिवसाआड घ्यायला सांगितलं, तेव्हा पोटाचं सोसवायला लागलं. आणि गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको म्हणाल्या. हे ऐकून जाऊबाईंचा चेहरा हिमोग्लोबिन ऐकतानासुद्धा पडला नव्हता एवढा पडला. आता गोळी सकाळी अकराला आणि चहा साडेबाराला, असं वेळापत्रक मीच फ्रिजवर चिकटवून आलेय.