पाळण्याआधीचे पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण मला आता ऐकवत नाही आणि ती खोटी आहे असंही म्हणवत नाही. कुणी एखाद्या गुणी मुलाचं कौतुक करताना सहज ती वापरून जातं आणि माझं मन थेट त्या खोलीत जाऊन उभं राहतं, जिथे पाळणा नव्हता आणि पाय तेवढे दिसत होते.

पाय तेवढेच, कारण बाकीचं बाळ झाकलेलं असतं. माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला. नाकात श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅपच्या नळ्या, त्या जागच्या हलू नयेत म्हणून डोक्यावर टोपी आणि गालांवर चिकटपट्ट्या. कावीळ दिसू लागली तेव्हा निळ्या दिव्याखाली ठेवताना डोळ्यांवरही पट्टी आली. एका हाताला सलाइन. फोनवर सगळे विचारायचे, बाळ कुणासारखं दिसतंय? मी काय सांगणार होते? माझ्या ओळखीचे होते ते त्याचे पाय. एका पायाला ऑक्सिजन मोजणारी पट्टी गुंडाळलेली, तिच्यातला लाल उजेड पातळ कातडीतून बाहेर यायचा. दुसऱ्याच्या टाचेवर साखर तपासायला टोचल्याच्या खुणा. त्या खुणा कुठे आहेत हे मला न बघता सांगता आलं असतं.

सासूबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काचेबाहेरून. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाय बघ गं, केवढे लांबसडक आहेत. आजोबांवर जाणार हा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात." धीर त्यांना मला द्यायचा होता आणि स्वतःलाही. त्या क्षणी मी ते बोलणं हातांनी घट्ट धरून ठेवलं. शंका खूप नंतर आली.

डॉक्टरांनीही त्याचे पाय पाहिले होते, पण वेगळ्या कारणाने. बाळ साधारण किती आठवड्यांचं आहे हे ठरवायची एक पद्धत आहे. जीन बॅलार्ड या डॉक्टरांनी ती बसवली आणि १९९१ साली सुधारून पुन्हा मांडली. तीत सहा खुणा शरीराच्या आणि सहा हालचालींच्या तपासतात आणि शरीराच्या खुणांमध्ये तळपाय आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा तळवा गुळगुळीत असतो. मग पुसट लालसर रेषा उमटतात. मग बोटांच्या खाली एक आडवी घडी येते आणि आठवड्या-आठवड्याने घड्या टाचेकडे सरकत जातात. दिवस भरलेल्या बाळाचा तळवा घड्यांनी भरलेला असतो. आमच्या मुलाच्या तळव्यावर बोटांखालची ती एक घडी होती, तीही पुसट. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, तारखेशी जुळतंय.

म्हणजे त्या पायांत काही दिसत होतंच. पण ते मागचं होतं. पोटात किती राहिला, किती राहायचं उरलं, एवढं. पुढचं विचारलं की उत्तर एकच यायचं, "सध्या स्थिर आहे. बहात्तर तास जाऊ द्या." बहात्तर तासांना कारण असतं. अशा बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो, श्वासाचा त्रासही याच दिवसांत वाढून मग उतरायला लागतो. बहात्तर तास गेले. मी पुन्हा विचारलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, आज स्थिर आहे. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या इमारतीत सगळ्यात खरं तेच बोलत होते. पण नुसत्या खऱ्यावर एखादी बाळंतीण रात्र कशी काढणार?

नंतर कधीतरी मी पॅट्रिक केनेडीबद्दल वाचलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा हा मुलगा ऑगस्ट १९६३ मध्ये साधारण साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर, म्हणजे माझ्या मुलाहून कितीतरी जास्त. तो दोन दिवसही जगला नाही. फुप्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुरेसा नसतो. मेरी एलन एव्हरी यांनी हे १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं. पण तो पदार्थ बाहेरून फुप्फुसात सोडून बाळं वाचवल्याचं जपानच्या फुजिवारांनी प्रसिद्ध केलं ते १९८० मध्ये. माझ्या मुलाला तो जन्मल्यावर काही तासांतच मिळाला. पॅट्रिकच्या पाळण्यात कुणाला काय दिसलं असतं? त्याचे पाय माझ्या मुलाच्या पायांपेक्षा भरलेलेच असणार. कमी पडलं ते साल.

ही म्हण जगलेल्या मुलांवरून तयार झाली असणार. मोठं झालेलं मूल बघायचं आणि मागे वळून म्हणायचं, तेव्हाच दिसलं होतं. जी मोठी झाली नाहीत त्यांच्या पायांबद्दल म्हण नाही. आणि ती थोडीथोडकी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या पाच मुलांतलं जवळपास एक वर्षाच्या आत जायचं. ज्या बायका पाळण्यात पाय बघत होत्या, त्यांनीच रिकामे पाळणे आढ्यावरून उतरवले होते. म्हणून तर त्याच घरांत दगडू, धोंडू, केरू, भिकाजी अशी नावं होती. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव मुद्दाम हलकं ठेवायचं, हे मूल कुणाच्या नजरेत भरण्यासारखं नाही असं दाखवायचं. एकीकडे पाय बघून भविष्य सांगायचं आणि दुसरीकडे मुलाकडे बघूच नका म्हणून त्याला केर म्हणायचं. या दोन्ही गोष्टी एकच आजी करत असेल का? मला वाटतं, करत असेल. मीही दोन्ही करत होते. त्याच्या लांब बोटांवरून तो तबला वाजवेल इथपर्यंत पोचायचे आणि पहिलं झबलं मात्र विकत आणू द्यायचे नाही. माझ्या आईने तर बारशाचं नाव मनातही धरू नकोस असं बजावलं होतं. त्याच्या नावाच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव, एवढंच होतं.

शेजारच्या वॉर्मरवरचं, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवरचं, बाळ माझ्या मुलापेक्षा वजनदार होतं. त्याच्या आईची आणि माझी ओळख बेसिनपाशी, कोपरापर्यंत हात धुताना झाली. तिनेही मला त्याचे पाय दाखवले होते. करंगळी आत वळलेली, वडिलांसारखी. ते बाळ जंतुसंसर्गाने गेलं. नळ्या आणि चिकटपट्ट्या काढल्या तेव्हा त्याचा पूर्ण चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला.

तिला दूध येतच राहिलं. शरीराला कुणी कळवलेलं नसतं. ते दूध तिने काढलं आणि मिल्क बँकेला दिलं.

मला त्या दिवसांत चिकाचे थेंबच काय ते येत होते. सिस्टर ते कापसाने त्याच्या गालाच्या आतून फिरवायच्या. पोटात सोडलेल्या नळीतून त्याला जे पहिलं दूध मिळालं ते दुसऱ्या कुणाचं होतं. एका वेळेला एक मिलिलिटर. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला वरचं दूध दिलं तर आतडी सुजून सडण्याचा धोका वाढतो, म्हणून आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मिल्क बँक सुरू केली. आशियातली ती पहिली मानतात. देणाऱ्या बाईचं रक्त तपासतात, दूध साडेबासष्ट अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून गार करतात, जंतूंसाठी तपासतात, गोठवून ठेवतात. कुणाचं दूध कुणाच्या पोटात गेलं हे आईला कळत नाही. आमच्या मुलाला मिळालेलं दूध त्या शेजारणीचं नसेलच कदाचित. पण तिच्यासारख्या कुणीतरी, माझ्या मुलाचे पाय न बघता, तो कोण होणार हे न विचारता ते दिलं होतं.

यावरून मला काही काढायचं होतं. पुढचं विचारूच नये, आजचा मिलिलिटर बघावा, असं काहीतरी. ते निघत नाही. पुढचं विचारल्याशिवाय मी तिथे तग धरलाच नसता. आणि त्या शेजारणीने शेवटच्या दिवसापर्यंत विचारलं होतं, तेही चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही. कांगारू पद्धतीने त्याला पहिल्यांदा छातीशी बांधलं तेव्हा मला फक्त त्याची टाळू दिसत होती, पाय माझ्या पोटाशी दुमडलेले होते. ते दिसत नव्हते म्हणून मला बरं वाटलं की चुकल्यासारखं, हेही आता नीट सांगता येत नाही.

तो आता शाळेत जातो. पळतो. सासूबाई म्हणतात, बघ, मी म्हटलं होतं की नाही? मी हो म्हणते आणि ते मनापासून असतं. लगेच ती आत वळलेली करंगळी आठवते आणि माझा हो अर्धा राहतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी बाळंतीण असेल आणि आपल्या बाळाचं पोट भरूनही तिला दूध उरत असेल, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात मिल्क बँक आहे का, एवढं विचारून बघा. तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे दूध, पहिल्या दिवसांत अशा बाळाला कितीतरी वेळा पुरतं.