तबल्याची अंगं

1981 चा एप्रिल. चाळीतल्या पोरांच्या वार्षिक परीक्षा उरकल्या होत्या, माझी राहिली होती. तबल्याची. मी तेव्हा बावीस वर्षांचा, गिरणीत साचेखात्यात बदलीवर, राहायला शीव कोळीवाड्याला. शाळा सातवीतच सुटलेली.

आमची पहिली शाळा गुरुद्वारा. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची वस्ती शेजारीच. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. एक सरदारजी म्हणाले, डोकं झाक, आत बस. त्यांच्याकडूनच कळलं, ग्रंथसाहेबात रविदास आहे, चांभार. आपला नामदेव शिंपीही आहे. मी गपकन खाली बसलो. गावच्या देवळात आमचा आजा पायरीपाशीच थांबायचा.

पुढं पगारातून फी भरून क्लास लावला. मास्तर म्हणाले, "तुम्हा लोकांच्या हातात ढोलकी उपजतच असते." कौतुकच होतं ते. पण आठ तास साचे सांभाळून मी रोज दोन तास बोटं झिजवायचो, ते कुठं गेलं?

लोक कवितेत लिहितात, साच्याला ताल असतो. मीही लिहिलं होतं. खोटं आहे ते. साच्यानं कान बसतो. रातपाळी करून आलं की दुपारपर्यंत डोक्यात नुसती घरघर. तबला सुरात लावायला बसलो की सूरच ऐकू यायचा नाही. आय म्हणायची, "झोप रं, परीक्षा काय भाकर देती व्हय?"

परीक्षेला रातपाळीवरूनच गेलो. तीनताल वाजवला. सोळा मात्रा, नववीवर खाली, चुकलो नाही. मग परीक्षक म्हणाले, तबल्याची अंगं सांग. खोड, पुडी, शाई, गजरा, वादी, गठ्ठे. तोंडपाठ होतं. पण तोंडातून पुढचंही निघालं, "पुडी बकऱ्याच्या कातड्याची. ते कुणीतरी सोलतं, कमावतं, मग ती होती."

"पुस्तकात आहे तेवढंच सांग."

आमचा आजा गावात मेलेली ढोरं ओढायचा, सोलायचा. 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ते गावात पोचलं तसं आज्यानं सगळंच टाकलं. तो सोलायचा तेव्हा कातडं विटाळ होतं. परीक्षेच्या खोलीत त्याच कातड्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. मधे काय बदललं? फक्त हात.

पास झालो, दुसऱ्या वर्गात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कान मोकळे झाले, पोट रिकामं झालं. त्या रिकाम्या दिवसांत वस्तीतली चार पोरं शिकायला येऊन बसली. फी कुठली घेणार? पहिल्या दिवशी त्यांना अंगं सांगितली. खोड, पुडी, शाई, गजरा, वादी, गठ्ठे.

आणि सोलणारा. तेही पाठ करून घेतलं.