बँडिंगनंतरचं दुखणं

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांवर रबर बँड बसवून दुर्बीण बाहेर काढली की आमचं काम झालं असं वाटतं. पेशंटचं दुखणं मात्र तिथून सुरू होतं. झोपेचं इंजेक्शन उतरतं आणि छातीच्या मधल्या हाडामागे काहीतरी अडकून बसल्याची तक्रार येते. कुणी पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे बोट दाखवतो. एक आजी म्हणाल्या होत्या, "डॉक्टरसाहेब, पाण्याचा घोट काचेसारखा उतरतोय."

हे दुखणं किरकोळ मानायची आमच्यात सवय आहे. रक्ताची उलटी थांबली, जीव वाचला, मग थोडं दुखलं तर काय झालं? मला हे पटत नाही. बँडिंग एकदा करून भागत नाही. नसा बुजेपर्यंत दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा यावं लागतं. पहिल्या वेळी जो कळवळला, तो दुसऱ्या वेळी यायचं टाळतो. उरलेली नस मग घरीच फुटते.

डेन्व्हरचे सर्जन व्हॅन स्टीगमन यांनी 1980च्या दशकात मूळव्याधीवरची ही युक्ती अन्ननलिकेत आणली. नस दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढून घ्यायची आणि तिच्या मुळाशी रबराचं कडं सोडायचं. आवळलेला भाग मरतो, काही दिवसांत बँडसकट गळून पडतो आणि तिथे उथळ जखम राहते. म्हणजे दुखणी दोन. आधी आवळल्याचं आणि स्नायूच्या पेटक्याचं, मग आम्ल लागून चुरचुरणाऱ्या जखमेचं. अस्तर बधिर करणारं औषध दुसऱ्यावर चांगलं चालतं, पहिल्यावर अर्धवटच. पेशंटला हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर दोन चमच्यांनी उतार पडला नाही की तो घाबरतो.

एरवी वेदनाशामक गोळी लिहून मोकळं होता येतं. पण बँडिंगचे बहुतेक पेशंट सिरॉसिसचे, म्हणजे लिव्हर खराब झालेले; त्यांना ती सोय नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला मारक आणि रक्तस्राव वाढवणारी. अफूच्या जातीच्या औषधांनी पोट बांधतं, गुंगी चढते आणि आधीच आजारी लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम झाला तर ओळखायला उशीर होतो. पॅरासिटामॉल चालतं, पण मी दिवसाला 2 ग्रॅमच्या वर जात नाही. म्हणून दुखतं तिथेच काम करणाऱ्या औषधाला इथे मोल आहे.

त्यात माझा हात आधी ऑक्सेटाकेनच्या जेलकडे जातो. 5 मिलीत 10 मिलिग्रॅम ऑक्सेटाकेन, सोबत आम्ल शमवणारी औषधं. बहुतेक बधिर करणारी औषधं आम्लात दुबळी पडतात; हे टिकून राहतं. पण देण्याची पद्धत चुकली तर तेही फुकट. एका दमात गिळलेला घोट दहाएक सेकंदांत जठरात जातो. बँड असतात अन्ननलिकेच्या तळाशी, जठराच्या तोंडाजवळ. म्हणून मी बाटली नीट हलवायला लावतो, पाठीला उशी देऊन अर्धवट बसवतो आणि दोन चमचे औषध तीन-चार बारीक घोटांत, थांबत थांबत घ्यायला सांगतो. वर लगेच पाणी नको. अगदी आडवं केलं तर औषध जास्त वेळ रेंगाळेल, पण घसा बधिर असताना ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बधिरपणा जाईपर्यंत खाणंही नको. मग गार दूध, ताक, पातळ पेज. भाकरी काही दिवस बाजूला.

लिग्नोकेनचं घट्ट द्रावणही कामाचं आहे, फक्त हिशेब ठेवावा लागतो. 2 टक्क्यांच्या 15 मिलीत 300 मिलिग्रॅम होतात, म्हणजे मोठ्या माणसाची एका वेळची कमाल मात्रा. तपासणीआधी घशात मारलेल्या 10 टक्क्यांच्या स्प्रेची प्रत्येक फवारी 10 मिलिग्रॅमची. तीही त्यात धरायची. हे औषध लिव्हरमध्येच निकामी होतं. लिव्हर थकलेलं असेल तर ते रक्तात साचतं, ओठांभोवती मुंग्या येतात, कानात गुणगुण सुरू होते, पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून अशा पेशंटला मी ते वारंवार देत नाही.

आणि बाटली उघडण्याआधी मानेवर हात. नाडी, ताप, बीपी. कातडीखाली हवा शिरली असेल तर बोटांखाली करकर जाणवते. मग अन्ननलिकेला छिद्र पडलंय का, हे आधी पाहायचं आणि तोवर तोंडावाटे काहीच द्यायचं नाही, जेलसुद्धा नाही. बँडिंगनंतर असं क्वचित घडतं. ॲसिड पिऊन आवळलेली नळी फुग्यानं रुंदावल्यावर धोका जास्त. वयस्कर माणसाचा ईसीजीही काढतो, कारण हृदयाचं आणि अन्ननलिकेचं दुखणं एकाच जागी उमटतं.

घरी जाताना नातेवाइकांना नीट बजावतो: कमी झालेलं दुखणं पुन्हा उसळलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा चक्कर आली तर जेल देत बसू नका, थेट घेऊन या. पुढच्या बँडिंगला पेशंट आला की गेल्या वेळी किती दिवस दुखलं, कशानं उतार पडला, हे मी आधी विचारतो आणि केसपेपरवर लिहून ठेवतो. त्यावरून या खेपेची मात्रा ठरते.