काळी, पांढरी आणि माळ

दिवाळी सरली की सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या माळावर गवत पिकतं. हातभर उंचीचा सोनेरी विस्तार वाऱ्याबरोबर झुकतो आणि कुसळी गवताची कुसळं मोकळी होतात. हे कुसळ नुसतं टोचून थांबत नाही. त्याच्या टोकाला उलटे केस असतात, मागे पीळ असलेली लांब शेपटी. दव पडलं की शेपटी पीळ सोडते, ऊन तापलं की पुन्हा घेते, आणि या उघडझाकीत बी एखाद्या स्क्रूसारखं जमिनीत उतरत जातं. मेंढीच्या लोकरीत अडकलं तरी तेच करतं, कातडीपर्यंत. मेंढक्यांचा या गवतावर राग आहे, पण ते कोवळं असताना मेंढरं त्यावरच पोसतात.

डोंगर-झाडीत वाढलेल्या माणसाला इथे काय बघायचं ते कळत नाही. नजर अडत नाही, म्हणून रमतही नाही. तासाभराने ती सरावते. मग मातीच्या रंगाचा धाविक पक्षी दिसतो, चंडोलाचं उंच आभाळातलं गाणं वेगळं ऐकू येतं, आणि दूरवर उभा असलेला दगड हलला तर ते खोकड निघतं.

हा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचं उरलेलं हाड, अशी समजूत पुष्कळांच्या मनात घट्ट बसली आहे. अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, ओव्या आणि लोककथा झाडांच्या नावांसाठी चाळल्या. त्यांत आलेली बहुतेक रानझाडं दाट जंगलातली नव्हती, उघड्या, काटेरी माळावरची होती. पुरावा हवा तर पंढरपूरला जावं. विठ्ठलाच्या राउळात संत कान्होपात्रेच्या नावाशी जोडलेलं झाड आहे ते तरटीचं, आणि तरटी म्हणजे कोरड्या माळावरचं काटेरी झुडूप. आपल्या सगळ्यात मोठ्या देवळात माळ हजर आहे.

नांगर इथे फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ला तिथे वस्ती बसली. चौकोनी, ऐसपैस घरं, धान्याची कोठारं, सातूचं पीक, शेताला पाणी द्यायला खोदलेला पाट. नंतरच्या थरांत मात्र चौकोनी घरं संपतात आणि लहान, गोल झोपड्या लागतात. उत्खननाचे एक प्रमुख, म. के. ढवळीकर यांनी त्याचा अर्थ असा लावला की हवा कोरडी होत गेली, शेती पेलेनाशी झाली आणि ही माणसं गुराढोरांच्या मागे फिरू लागली. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास गाव उठलं. पाऊस हटला तेव्हा शेतकऱ्याने नांगर टाकला आणि गवताकडे वळला, कारण वळायला गवत होतं. मला ही गोष्ट पराभवाची वाटत नाही, शहाणपणाची वाटते.

पुढेही हिशेब तसाच राहिला. काळी कसायची, पांढरीवर घरं बांधायची, आणि या दोन्हींपलीकडचा माळ मेंढरांचा. सुगी झाली की शेतकरी मेंढक्याला बोलावून रानात मेंढरं बसवायचा. रात्रभराच्या लेंड्या-मुताने वावर सुपीक व्हायचं, बदल्यात धान्य मिळायचं. आजही बसवतात, धान्याऐवजी रोख देतात, एवढंच. खंडोबाला वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई अशा दोन बायका आहेत, तो याच व्यवहाराचा देव आहे. दोघींची भांडणं गाणाऱ्यांनीही एकीला घराबाहेर काढलेलं नाही.

इंग्रजी अमलात हा तोल मोडायला कागदाने सुरुवात केली. 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी जमीनमोजणी आणली. आधीचा जबर सारा उतरवला हे बरंच झालं. पण मोजणीच्या नजरेत नांगर न लागलेली जमीन म्हणजे पड, आणि पड मोडून काढणं म्हणजे प्रगती. हलका माळही नांगराखाली आला. 1875 ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, लगेच 1876 चा दुष्काळ आला.

त्यानंतर आलं पाणी. 1880 च्या दशकात नीरेचा डावा कालवा, 1932 ला माळीनगरचा साखर कारखाना, 1980 ला उजनी, आणि 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी उतरलेली बोअर. त्याआधी कोरडवाहू शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा आणि जमिनीतल्या ओलीवर थंडीत पिकवायचा. तो शेवटी गवताच्याच कुळातला. माळढोक पक्षी त्यात निवांत फिरायचा, नाकतोडे टिपायचा. ऊसही गवतच म्हणा, पण बारा महिने पाणी पिणारं, आणि त्यात माळढोकाला पाय ठेवायला जागा नाही. दुष्काळात मागे सरायची जी सोय इनामगावकरांना होती, ती बोअरने संपवली. आता पाणी आटलं की माणूस आणखी खोल जातो.

1979 मध्ये सरकारने माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं: सोलापूर-नगर मिळून 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, म्हणून लोक चिडले. पुढे ते सुमारे 1,222 वर आणलं. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने. मोकळा माळ म्हणजे त्याचं घर; आपण मात्र माळ हिरवा करायचा म्हणून त्यावर चर खणले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. आता नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

दर जुलैला शाळा, कंपन्या आणि पुढारी रोपं घेऊन कुठेतरी माळाकडे निघतात. तुम्हालाही बोलावणं येईल. जायचं तर जरूर जा, पण पहिला खड्डा घेण्याआधी तिथे मेंढरं चारणाऱ्याला विचारा की इथे कोणतं गवत येतं आणि ते कोण खातं.